तोल सावरण्याची शिकवणी

ताई ची किंवा चीगाँग हे सावकाश हालचालींचे चिनी व्यायाम शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकता येतील का, असा प्रश्न ज्येष्ठांकडून वरचेवर येतो. हालचालींचा क्रम दोन दिवसांत पाठ होईलही. पण म्हातारपणी पडणं टळावं म्हणून हा व्यायाम करायचा असेल, तर त्याचा पुरावा आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या वर्गांतून आला आहे. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात स्टीव्हन वुल्फ यांनी सत्तरी गाठलेल्या २०० जणांचे तीन गट केले. एका गटाला १५ आठवडे ताई ची, दुसऱ्याला संगणकाला जोडलेल्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव आणि तिसऱ्याला नुसती चर्चा. १९९६ साली निष्कर्ष छापून आले. ताई ची गटात वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटला होता. फळीवरच्या गटाला तसा फायदा झाला नव्हता. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेली मोजमापं तर मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. उभं असताना शरीर किती झुलतं हे मोजलं, तेव्हा जास्त स्थिर निघाले ते फळीवर सराव केलेले लोक. ताई ची करणाऱ्यांचं झुलणं फारसं बदललंच नव्हतं, मात्र पडण्याची भीती कमी झाली होती.

म्हणजे न हलता उभं राहणं वेगळं आणि न पडणं वेगळं. डोक्यावर भरली घागर घेऊन चालणारी बाई ताठ दिसली तरी पावलागणिक तोल सावरत असते. ताई ची हेच सावरणं शिकवते, असं मला वाटतं. त्यातलं एक पाऊल नीट पाहा. गुडघे किंचित वाकलेले, सगळं वजन डाव्या पायावर. उजवी टाच जमिनीला नुसती टेकते, तिच्यावर अजून भार नाही. मग तळवा टेकतो, वजन सावकाश पुढे सरकतं, कंबर वळते आणि मगच मागचा पाय मोकळा होतो. आपण एरवी झपकन उरकतो तो एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षण इथे लांबवला जातो. पुष्कळ माणसं नेमकी याच क्षणी पडतात.

यावर रास्त आक्षेप असा, की हा गुण ताई चीचा कशावरून? कोणत्याही व्यायामाने, चार माणसांच्या सोबतीनेही तो आला असता. शिवाय आपण काय करतोय हे इथे कुणापासून लपवता येत नाही. ओरेगनमध्ये फूझोंग ली यांनी या आक्षेपाला प्रयोगानेच उत्तर दिलं. पडण्याचा धोका जास्त असलेल्या ६७० ज्येष्ठांपैकी काहींना ताई ची, काहींना तोल, ताकद आणि दम वाढवणारे मिश्र व्यायाम, तर काहींना स्ट्रेचिंग. सगळ्यांना २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकेक तास. २०१८ च्या निष्कर्षांनुसार ताई ची गटातलं पडण्याचं प्रमाण स्ट्रेचिंगच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी आणि मिश्र व्यायामाच्या तुलनेतही ३१ टक्क्यांनी कमी होतं. सोबतीचा लाभ तिन्ही गटांना सारखाच होता. पण म्हणून ताई ची सर्वांवर मात करते असंही नाही. ली यांच्याच २०१२ च्या पार्किन्सनच्या रुग्णांवरच्या प्रयोगात पडण्याच्या बाबतीत ती वजनांच्या व्यायामापेक्षा निर्णायकपणे सरस ठरली नव्हती. आणि वुल्फ यांनी २००३ मध्ये ऐंशीच्या आसपासच्या, अशक्त होत चाललेल्या वृद्धांवर ४८ आठवडे प्रयोग केला, तेव्हा दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पाय खचण्याआधी सुरुवात करावी, असा अर्थ मी त्यातून काढतो.

कार्यशाळांबद्दलचा माझा अविश्वास चीगाँगच्या इतिहासातून आला आहे. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगाँगची लाट उसळली. यान शिन यांच्यासारख्या गुरूंच्या सभांना हजारो लोक जमत; गुरूच्या देहातून निघणारी ‘ची’ ही शक्ती दुरूनही रोग बरे करते, असा दावा असे. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक चियान श्वेसेन यांच्यासारखा शास्त्रज्ञही त्या बाजूने उभा राहिला. १९८८ मध्ये असे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी आणि सहकाऱ्यांनी तिथे जाऊन साधी चाचणी घेतली: गुरू एका खोलीत, रुग्ण दुसऱ्या. गुरूने ‘ची’ सोडण्याच्या वेळा आणि रुग्णाच्या हालचाली यांचा मेळ बसला नाही. चीगाँगच्या सावकाश हालचाली आणि दीर्घ श्वसन यांना यामुळे बाध येत नाही. पण एका बैठकीत शक्ती संक्रमित करण्याचं आश्वासन देणाऱ्या शिबिराला पैसे देऊ नयेत. वर्ग निवडताना विचारायचं ते एवढंच: आठवड्यातून किती वेळा, किती महिने, आणि तोल गेलाच तर धरायला जवळ खुर्ची ठेवता का?