तळटीपांच्या वाटेने

जगाच्या इतिहासावरचे चांगले अभ्यासग्रंथ दुकानाच्या दर्शनी फळीवर क्वचितच दिसतात. एका ग्रंथाचा पत्ता दुसऱ्याच्या तळटीपांत सापडतो. अशी एक साखळी मी येथे मांडतो. तिचे एक टोक आपल्या पश्चिम किनाऱ्याला बांधलेले आहे.

सुरुवात अमिताव घोष यांच्या ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ (१९९२) या पुस्तकापासून झाली. त्यात अब्राहम बेन यिजू हा बाराव्या शतकातला ज्यू व्यापारी भेटतो. मूळचा ट्युनिशियाचा हा माणूस एडनमार्गे मंगळूरला आला, अनेक वर्षे तिथे राहिला आणि त्याने पितळेच्या भांड्यांचा कारखानाही चालवला.

पुस्तकाच्या टिपांनी मला एस. डी. गोइटाइन यांच्यापाशी पोहोचवले. त्यांच्या ‘अ मेडिटेरेनियन सोसायटी’चे पाच खंड १९६७ ते १९८८ या काळात निघाले. त्यांचा आधार म्हणजे जुन्या कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगमधली कागदांची खोली. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या रिवाजामुळे तिथे पत्रे, हिशेब, लग्नाचे करार शतकानुशतके साचत गेले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी त्यांतला मोठा भाग केंब्रिजला नेला. व्यापाऱ्यांच्या या पत्रांची भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. मोडी दफ्तरांशी झुंजणाऱ्यांना त्यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

या पत्रांत राजे अधूनमधूनच डोकावतात. भारतातून मिरी, लोखंड, सुपारी जाते. एडनहून बेन यिजूसाठी कागद, साखर, मनुका येतात. मात्र हे एकाच समाजाचे दफ्तर आहे, याचे भान हवे. १३२ मैलांवरचे नव्हे, तर घरातलेच उदाहरण घ्या: ११३२ साली बेन यिजूने आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दस्त उरला आहे. पुढे तिच्याशीच त्याने लग्न केले, असे अभ्यासक मानतात. तिचे स्वतःचे एकही पत्र नाही.

भारताशी संबंधित कागद गोइटाइन यांच्या निधनानंतर मॉर्डेकाई फ्रीडमन यांनी सिद्ध केले. तो इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये आला.

मित्राला मी एकदम पाच खंड देत नाही. आधी घोष, मग गोइटाइन यांनी अनुवादिलेली चार पत्रे, त्यानंतर पहिला खंड. सोबत एक चिठ्ठी ठेवतो: आशूचे नाव कुठे कुठे येते, ते सूचीत पाहावे.