रमाबाई कुणाचं ऐकत होत्या?

१८८३ साली पंडिता रमाबाई बोटीत बसल्या त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होण्यासाठी. वय पंचवीस, नवरा वारून वर्ष उलटलेलं, बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि सोबतीला आनंदीबाई भगत. भाड्याचे पैसे 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केलेले. आदल्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी ठणकावून सांगितलं होतं की या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी. तिकडे पोहोचल्यावर मात्र डॉक्टरकीचा बेत बारगळला. कारण साधं होतं, कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येत होतं, आणि पुढच्या आयुष्यात ते कमीच होत गेलं.

या कमी ऐकू येणाऱ्या बाईंनी उरलेली जवळजवळ चाळीस वर्षं देवाचं ऐकण्यात घालवली. 'प्रभूने मला सांगितलं' हे वाक्य ख्रिस्ती घरांत, मंडळीत, प्रार्थनासभेत सर्रास कानावर पडतं. बाहेरच्या माणसाला ते भाबडं वाटतं, आणि कधीकधी सोयीस्करही. रमाबाईंच्या बाबतीत ते दोन्ही नव्हतं. त्यांची पत्रं आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची त्यांनीच लिहिलेली हकीकत, वाचली की कळतं: त्यांचं ऐकणं म्हणजे आधी भरपूर वाचणं, मग शंका काढणं, मग भांडणं आणि एकदा पटलं की जमाखर्च मांडून कामाला लागणं. आपल्या वतीने देवाचं दुसऱ्या कुणी ऐकावं आणि आपल्याला निरोप पोहोचवावा, ही व्यवस्था त्यांनी कुणाचीच चालू दिली नाही. शास्त्रीबुवांची नाही, बिशपांची नाही, सुधारकांचीही नाही. एखादी बाई कुणाचं ऐकत नाही अशी आपल्याकडे तक्रार असते ना, रमाबाईंबद्दल ती सगळ्यांनी केली.

हा स्वभाव घरातून आला असावा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलं. आलेली दक्षिणा दानधर्मात गेली आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना गाठलं तेव्हा हाताशी काही नव्हतं. पूजा, उपास, जप, सगळं करून झालं. वडील गेले. आई तापाने निपचित पडलेली असताना रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईंकडे भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. तोंडातून शब्द फुटेना. मागण्याची लाज इतकी की ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून मात्र पाणी वाहतंय. त्या बाईंनी ओळखलं आणि तुकडा दिला. रमाबाई तो घेऊन धावत आल्या, पण आईला तो खाता आला नाही. थोड्याच दिवसांत तीही गेली. पुढे रमाबाईंनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि पुढे दुष्काळातल्या बायका-मुलींसाठी त्यांनी केडगावला उभारलेल्या 'मुक्ती' या आसऱ्याचा पाया बघायचा तर तो या तुकड्यात आहे असं मला वाटतं.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांनी पहिल्यांदा प्रार्थना पाहिली. माणसं खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेली. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असं त्यांना वाटलं! कुणीतरी संस्कृत बायबल भेट दिलं, ते त्या वेळी काही मनात शिरलं नाही. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि सिल्चरला संसार थाटला. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. वाचायला घेतली, गावातल्या बाप्टिस्ट मिशनऱ्याला प्रश्न विचारू लागल्या. नवऱ्याला हे रुचलं नाही. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले आणि रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज या गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी तिथे जीव दिला. परक्या मुलखात एकमेव मराठी बोलणारी मैत्रीण अशी गेली, आणि त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. दबाव असेल, एकटेपणा असेल, असं पुण्यात पुष्कळांनी म्हटलं. रमाबाईंनी स्वतः दिलेलं कारण निराळं आहे. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या. असल्या बायकांना कुणी जवळ करतं हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीकाठच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे ख्रिस्ती झालेले काशीचे फादर नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांनी उरलेल्या बऱ्याच शंका फेडल्या.

बऱ्याच, सगळ्या नाहीत. खरा तमाशा इथूनच सुरू होतो. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या मठातल्या मार्गदर्शक. त्यांची अपेक्षा अशी की नव्या लेकराने मंडळीचं मुकाट्याने ऐकावं. रमाबाई तर त्रैक्याच्या सिद्धांतावर अडून बसल्या. पवित्र शास्त्रात तो जसाच्या तसा कुठे आहे, दाखवा म्हणाल्या. मठाने दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर आमच्या लोकांना जशी लॅटिन कळत नाही तशी संस्कृतही बहुतेकांना कळत नाही, मग संस्कृत का नको, असा सवाल. अंडं-मांस शिवायचं नाही ते नाहीच. चेल्टनहॅमच्या कॉलेजात डोरोथिआ बील यांच्या हाताखाली शिकताना पुरुषांनाही संस्कृत शिकवावं असा विषय निघाला, तर बिशप आडवे आले, त्याने हिंदुस्थानात बोभाटा होईल म्हणून. रमाबाई भडकल्या. मोठ्या कष्टाने मी पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं चढवून घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण बिशपच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द देवाचाच, असं मी मानत नाही. ही पत्रं आज छापलेली आहेत. एखाद्या पाळकसाहेबांना अजूनही ती जड जावीत.

यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते शाळेच्या पुस्तकात आलेलं आहे. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहिला, पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. बॉस्टनच्या समितीने दहा वर्षं मदतीची हमी दिली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत 'शारदा सदन' निघालं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हललं. विधवांसाठी शाळा, धर्माची सक्ती नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार.

मात्र १८९१ च्या सुमारास त्यांच्या आत काहीतरी घडलं, आणि ते शाळेच्या पुस्तकात नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे साक्षीत नोंदवलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर! हॅस्लॅम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्या वाचत होत्या. धर्मोपदेश करत असतानाच त्याचं परिवर्तन झालं होतं. ते वाचून त्यांनी स्वतःला तपासलं. आकाशवाणी नाही, दृष्टान्त नाही. एक पुस्तक आणि एक अवघड प्रश्न. त्यानंतर त्यांच्या खोलीतली प्रार्थना मोकळ्या दाराने होऊ लागली आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ साली गावभर गिल्ला झाला. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची तक्रार पोकळ नव्हती. धर्मनिरपेक्ष शाळा म्हणून त्यांनी आपलं नाव दिलं होतं आणि चालकबाईंच्या भक्तीचा मुलींवर परिणाम होणारच, हे उघड होतं. रमाबाईंचं म्हणणं एवढंच: मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दार मी लावणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि त्यामुळेच समेट झाला नाही.

बॉस्टनची दहा वर्षं संपत आली होती. पुढे काय? रमाबाईंनी पुन्हा पुस्तकं काढली. ब्रिस्टलमध्ये कुणापुढे हात न पसरता हजारो अनाथ सांभाळणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे जॉन पेटन. या तिघांची चरित्रं वाचून त्यांना प्रश्न पडला की देवावर भिस्त ठेवून असं काम हिंदुस्थानात का होऊ नये. मग लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात एका पहाटे त्या रानात एकट्या प्रार्थनेला बसल्या. विश्वासात आलेल्या पंधरा मुलींबद्दल त्यांनी आभार मानले आणि मागणं मागितलं की या पंधराचा वर्ग कर. दोनशे पंचवीस. देवाजवळ गणिताच्या भाषेत मागणारी दुसरी संतीण मला माहीत नाही.

उत्तर दुष्काळाच्या रूपाने आलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात लोक पटापट मरत होते. रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि रस्त्यांवर त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहिल्या, आणि त्या पोरींवर डोळा ठेवून फिरणारे दलालही पाहिले. त्यांना आपली आई आठवली. जवळजवळ तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. इकडे पुण्यात प्लेग. इतक्या जणींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. सदनाला फळबागेचं उत्पन्न व्हावं म्हणून रमाबाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगावला शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि छपरं ठोकून मुक्काम पडला. तेच 'मुक्ती'. त्याच वर्षी प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप नाकारला, प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. आता त्यांच्यावर हिंदू समाज नाराज, मिशनरी साशंक आणि वर सरकारही नाखूश.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडं, रोज. त्यासाठी विहिरी, शेती, गुरं, तेलघाणा, विणकाम, शिवण, छापखाना. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपासदन' वेगळं. इथे जी चिकाटी दिसते ती व्याख्यानात सांगण्यासारखी नाही. ती कोठीघराच्या वहीत होती.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज जमून आत्मिक संजीवनासाठी प्रार्थना कोण करील? सत्तर जणी उठल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एक मुलगी आपल्या अंगात अग्नी उतरल्यासारखी प्रार्थना करू लागली. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून एक जण पाण्याची बादली आणायला धावली! बादली ओतायच्या बेतात असताना तिला कळलं की हे पेटणं वेगळं आहे. पुढचे कित्येक दिवस रडणं, पापांची कबुली, शेकडो जणींची एकदम मोठ्याने प्रार्थना. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. बादली मात्र मला अगदी खरी वाटते. बऱ्याच गोऱ्या मिशनऱ्यांना हा गलका पसंत पडला नाही. गोंगाटाची तक्रार करणाऱ्यांत कमी ऐकू येणाऱ्या रमाबाई नसणारच, असं कुणी गमतीने म्हणेल. पण 'मुक्ती प्रेयर बेल' या आपल्या पत्रिकेतून त्यांनी बाजू मांडली ती विचारपूर्वक. आमच्या मुलींना आपल्या पद्धतीने प्रार्थना करू द्या, शांत बसण्याची पाश्चात्त्य शिस्त त्यांच्यावर लादू नका. वाँटेजला लॅटिन क्रुसावरून भांडणारी बाई वीस वर्षांनी तेच म्हणत होती.

त्यांच्या या ठामपणाची दुसरी बाजूही आहे. ज्या संस्कृत परंपरेत वाढल्या तिच्याविषयी उतारवयात त्यांची लेखणी फार कठोर झाली, आणि महाराष्ट्रातल्या सुधारणेच्या प्रवाहापासून त्या जवळजवळ तुटल्या. आपण फार वर्षं त्यांना विसरून राहिलो त्याचं एक कारण आपला अहंकार, दुसरं हे तुटणं.

शेवटचं काम त्यांनी घेतलं ते सगळ्यांत चिवट. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. पन्नाशीच्या आसपास या दोन्ही भाषा त्या शिकल्या. देवाचं ऐकायचं तर मधल्या माणसाच्या भाषांतरावर का विसंबायचं, हा जुनाच हट्ट. भाषांतर त्यांचं, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीच्या बायका, छापणाऱ्याही त्याच. नवा करार १९१३ साली निघाला. जुन्या कराराचं काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. चाळिशीची, मुक्तीचा कारभार पुढे जिच्या हाती जायचा ती. रमाबाई स्वतः थकलेल्या, कान जवळजवळ गेलेले. त्यांनी प्रुफं तपासणं सोडलं नाही. एवढं संपवायला आणखी दहा दिवस दे, असं त्यांनी देवाजवळ मागितलं आणि ते मिळाले, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. मराठी मंडळ्यांनी ते फारसं उचललं नाही. देवळातून वाचायला बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. यंत्रावर ते चढवणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी दुष्काळात आणलेल्या होत्या, आणि मुक्तीत आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.