खाज बाहेर, खजिना आत!

हिवाळ्यात मुळशीच्या रानात भटकताना सोनेरी-तपकिरी, मखमली शेंगा दिसल्या आणि तुम्ही हात लावलात? संपलं! आता नुसतं खाजवत बसा. ही आपली खाजकुइली.

पण माहीत आहे का? अंगाची आग करणाऱ्या याच वेलीच्या बियांत एल-डोपा असतं. मेंदू ज्यापासून डोपामिन बनवतो तो कच्चा माल! १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी तो बियांतून वेगळा काढला. (बिया तोंडात टाकू नका हं, मात्रा चुकली की त्रास!)

एल-डोपाच का? कारण रेडीमेड डोपामिनला मेंदूच्या दारावर ‘नो एंट्री’, एल-डोपाला मात्र गेटपास! म्हणून तर डोपामिन कमी पडणाऱ्या पार्किन्सन्सचं हे हुकमी औषध.

आता धरा दुसरी वनस्पती, सर्पगंधा. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी जगाला दाखवलं की या मुळीनं रक्तदाब उतरतो. पुढे तिच्यातलं रिसर्पिन हाती आलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं. ससे ढिम्म! मग दिलं एल-डोपा, आणि ससे टुणकन जागे! डोपामिनची खरी ओळख इथेच पटली. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं, डॉ. वकील यांना १९५७ मध्येच वैद्यकशास्त्रातला लास्कर पुरस्कार. एकीनं निजवलं, दुसरीतल्या रसायनानं उठवलं. आपल्या दोन वनस्पतींची ही जुगलबंदी वाचून माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो, तोही कुइलीशिवाय!

डोपामिन म्हणजे आनंद? छे! ते ‘हवंय, हवंय’चं रसायन. डोपामिन न बनवणारे उंदीर समोर दाणे असूनही उपाशी मरतात. खायला उठावंसंच वाटत नाही!

आणि ते शिकवतं कसं, माहीत आहे का? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस दिला. आधी रस मिळाल्यावर डोपामिन उसळायचं. सवय झाल्यावर नुसता इशाऱ्याचा दिवा लागताच! दिवा लागूनही रस आला नाही, की धपकन खाली.

आपलंही तेच. पहिल्या ट्रिपला ताम्हिणी घाटाच्या वळणावर अचानक धबधबा दिसतो आणि मेंदूत फटाके! पुढच्या वेळी वाटेतलं पौड आलं की हुरूप सुरू. अन् नेहमीचा भज्यांचा स्टॉल बंद निघाला, तर? मेंदू नोंद करतो, आणि पुढच्या रविवारी तुम्ही घरूनच डबा घेऊन निघता.