रान राखण्याचे मोल

नागालँडची राजधानी कोहिमा येथून सुमारे २० किलोमीटर अंतरावर खोनोमा हे अंगामी नागांचे गाव डोंगरउतारावर वसले आहे. १८७९ साली डॅमंट हा इंग्रज अधिकारी या गावाच्या वेशीवर मारला गेला आणि १८८० साली तह होईपर्यंत गाव झुंजत राहिले. आज तेथे जाणारा प्रवासी मात्र त्या लढ्याच्या खुणांइतकाच गावामागील अरण्यासाठी जातो. गावाला शुल्क द्यावयाचे, गावातलाच वाटाड्या सोबत घ्यावयाचा आणि मग रानाची वाट धरावयाची, असा तेथील शिरस्ता आहे. यजमान वनखाते नव्हे, गाव आहे.

हे अरण्य आपोआप राखले गेलेले नाही. शिकार हा नागा जीवनातील अन्नाचा आणि त्याहूनही अधिक प्रतिष्ठेचा भाग. १९९३ साली ट्रॅगोपान या दुर्मिळ रानकोंबड्याच्या जातीचे सुमारे ३०० पक्षी एका आठवड्यात मारले गेल्याचे सांगितले जाते. हाच पक्षी नागालँडचा राज्यपक्षी! गावातील काही जाणत्यांना या संहाराची खंत वाटली. विरोध, वादविवाद, समजावणी यांत काही वर्षे गेली आणि १९९८ साली ग्रामपरिषदेने सुमारे २० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य ठरवून शिकारीवर बंदी घातली.

सामायिक कुरणाचा नाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. त्यावरून मालकी सरकारची तरी हवी अथवा खाजगी तरी, असा सोयीस्कर निष्कर्ष आपल्याकडील नियोजनकारांनीही काढला. लोक आपसांत नियम करून सामायिक संपत्ती टिकवतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सप्रमाण दाखविले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. खोनोमाला तो सिद्धान्त वाचावा लागला नाही. फिरत्या शेतीतही तेथील शेतकरी आल्डरचे झाड मुळापासून तोडत नाहीत. वरचा भाग छाटून खोड राखतात. त्याची मुळे जमिनीस नत्र पुरवितात आणि खोडाला पुन्हा धुमारे फुटतात.

मात्र नियम करावयास आधी अधिकार हवा. राज्यघटनेच्या ३७१ (अ) कलमाने नागालँडमधील जमिनीच्या मालकीला विशेष संरक्षण दिले आहे. आपल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सामूहिक वनहक्क मिळण्यासाठी २००६ चा कायदा व्हावा लागला. हक्क २००९ साली मिळाले. पण स्वतःच्या रानातील बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने हाती येण्यास २०११ साल उजाडले. कागदावरील हक्क आणि बाजारापर्यंत पोहोचणारा हक्क यांत असे अंतर असते.

खोनोमाच्या शिकाऱ्याने सोडलेले मांस आणि मान यांचा हिशेब कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. प्रवाशाचा पैसा प्रामुख्याने ज्याच्या घरी तो उतरतो आणि ज्याला वाटाड्या म्हणून नेतो, त्यांच्या हाती पडतो. बंदुकी मात्र साऱ्या गावाने खाली ठेवल्या. म्हणून गावाने आकारलेल्या शुल्कावर घासाघीस करणाऱ्या पाहुण्याने निदान एवढे जाणावे, की ते रान पाहण्याचे तिकीट नसून न झाडलेल्या गोळीची अंशतः भरपाई आहे. आणि ती किती असावी, हे ठरविण्याचा अधिकार पाहुण्याचा नव्हे.