वन राखील गाव, गाव राखील वन

शेतकऱ्याचे वनाशी असलेले नाते केवळ सरपणापुरते नाही. नांगर-वखराचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, गुरांचा चारा, घरासाठी बांबू आणि पालापाचोळ्याचे खत हे सर्व वन पुरविते. उतारावर झाडी असली म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि माती वाहून बांध्यांत व तळ्यांत साचत नाही.

असे असूनही अनेक ठिकाणी वने उजाड झाली. 1878 व 1927 च्या वन कायद्यांन्वये राखीव वनांचा कारभार सरकारकडे गेला. गावकऱ्यांचा वापर ही सवलत ठरली; निर्णय मात्र त्यांचा राहिला नाही. ज्याचे रक्षण आपल्या हाती नाही, त्यातील आज मिळणारे उद्यासाठी कोण राखून ठेवील?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंडांच्या लहानशा गावाने ह्याचे उत्तर कृतीने दिले. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. मध किंवा फळे काढण्यासाठी झाड तोडावयाचे नाही, असा नियम गावाने स्वतःच घातला. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तथापि बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

हक्कासमवेत कर्तव्यही येते. ह्याच कायद्याचे कलम 5 वन व वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेस देते. बांबूचेच उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात. त्या वेळी तोड केल्यास बेट दुर्बळ होते. म्हणून पावसाळा टाळून, पक्व झालेले बांबूच तोडावे आणि कोवळे बेटात राखावे. असे केल्यास तेच बेट पुष्कळ वर्षे उत्पन्न देते. हा संयम पहारेकऱ्याच्या धाकाने टिकत नाही. नियम स्वतः केला असेल तरच टिकतो.

ह्या कामी शिक्षकाचे साहाय्य मोलाचे आहे. कायद्यातील कलमे सोप्या भाषेत वाचून दाखविणे आणि सभेचा वृत्तान्त नीट लिहिण्यास मदत करणे त्यास सहज शक्य आहे. विद्यार्थ्यांना शिवारफेरीस न्यावे. एखादे बेट निवडून त्यातील नवे व पक्व बांबू दरवर्षी मोजून वहीत नोंदवावेत. ह्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवल्या म्हणजे किती तोडावे व किती राखावे, हे अंदाजाने नव्हे, तर हिशेबाने ठरेल. मुलांचे गणित गावाच्या उपयोगी पडेल आणि उद्याच्या ग्रामसभेचे सभासद आजच तयार होऊ लागतील.