साच्याआधी नमुना

यंत्राचा नवा भाग कागदावर निर्दोष दिसतो. त्यातील उणीव पुष्कळदा तो हातात घेतल्यावरच कळते. पोलादी साचा तयार झाल्यानंतर ती कळली, तर साच्यावरील खर्च आणि श्रम वाया जातात. म्हणून उत्पादनापूर्वी नमुना करून पाहण्याची प्रथा आहे. पूर्वी कुशल कारागीर तो लाकडात वा धातूत घडवीत. त्यास आठवडे लागत.

हा विलंब टाळणाऱ्या पद्धतीस शीघ्र नमुनानिर्मिती म्हणतात. जपानमधील नागोया येथील संशोधक हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून घनाकृती घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८३ मध्ये अशाच तत्त्वावर एक लहानशी वाटी तयार केली. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

या रीतीत संगणकावरील आकृतीचे पातळ आडवे छेद पाडले जातात. द्रवरूप कृत्रिम राळेवर अतिनील किरणांनी एक छेद रेखाटला जातो. किरण पडतील तेवढाच भाग घट्ट होतो. मग मंच किंचित खाली सरकतो, द्रवाचा नवा थर पसरतो आणि पुढील छेद आधीच्या छेदास चिकटतो. थराची जाडी एक दशांश मिलिमीटर धरल्यास दहा सेंटिमीटर उंचीच्या नमुन्यास एक हजार थर लागतात.

तथापि, एक मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. राळेच्या नमुन्यावर आकार, मापे आणि जोडणी तपासता येते. परंतु धातूच्या भागाइतका भार वा उष्णता तो सोसू शकत नाही. नमुना नीट बसला म्हणून भाग टिकाऊ ठरला, असे मानणे धोक्याचे होय. बळकटीची परीक्षा प्रत्यक्ष वापरावयाच्या पदार्थावरच व्हावयास हवी. चूक सुधारण्याचा खर्च थोडा असतो, त्याच वेळी ती हाती लागते, हेच शीघ्र नमुन्याचे खरे मोल होय.