चित्रकथेतला प्रलय आणि हिंगोलीतला कान

एकट्या नायकाला न पेलणारे संकट यावे, त्यासाठी दाही दिशांचे नायक जमावेत आणि काळाचे चक्र उलटे फिरवून त्यांनी विश्वाचा विनाश टाळावा, हा अमेरिकी चित्रकथांचा जुना साचा आहे. २०१९ मधील ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटाने तो कॉमिक्स कधी हाती न घेतलेल्यांनाही परिचित करून दिला. कळमनुरी-हिंगोलीकडच्या वाचकाला त्यात रस वाटावा असे एक खास कारण आहे; त्याकडे ओघाने येऊच. तत्पूर्वी या साच्याचे भव्य रूप पाहायचे तर १९८५ सालाकडे वळावे लागते.

त्या वर्षी डीसी कॉमिक्सने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका आरंभिली. लेखन मार्व्ह वुल्फमन यांचे, चित्रे जॉर्ज पेरेझ यांची. या कथेत प्रतिद्रव्याची एक लाट एकामागून एक विश्वे गिळत सुटते आणि तिला रोखण्यासाठी निरनिराळ्या पृथ्व्यांवरचे, निरनिराळ्या युगांतले नायक आणि प्रसंगी खलनायकही एकत्र आणले जातात. (प्रत्यक्षातले प्रतिद्रव्य इतके दुष्ट नाही. रुग्णालयांतील ‘पेट स्कॅन’ त्याच्याच एका कणावर, पॉझिट्रॉनवर, चालतो.)

प्रलयामागचे कारण मात्र अगदीच व्यावहारिक होते. महानायकांचा पहिला संघ, ‘जस्टिस सोसायटी’, १९४० मध्ये अवतरला. पुढे जुन्या नायकांच्या जागी त्याच नावांचे नवे नायक आले. दोघांचा मेळ कसा घालायचा? १९६१ मध्ये ‘द फ्लॅश’च्या १२३ व्या अंकाने तोड काढली : जुना फ्लॅश दुसऱ्या पृथ्वीवर राहतो! ही सोय इतकी मानवली की नव्या पृथ्व्या निघतच राहिल्या आणि कोणता सुपरमॅन कोणत्या पृथ्वीचा, हे नव्या वाचकाला उमजेना. जुन्या वह्या बाद करून व्यापाऱ्याने नवे खाते उघडावे, तसा हा प्रलय घडविण्यात आला. नायक थेट सृष्टीच्या आरंभक्षणापर्यंत मागे जातात आणि तिथल्या झुंजीनंतर अनेक पृथ्व्यांच्या जागी एकच उरते. तत्पूर्वी सातव्या अंकात सुपरगर्ल आणि आठव्यात फ्लॅश प्राणार्पण करतात. हे मृत्यू वाचकांना चटका लावून गेले. पण फ्लॅशला २००८ मध्ये परत आणण्यात आले. खपाच्या गणितापुढे यमधर्मालाही माघार घ्यावी लागते.

मराठी वाचकाची घडण निराळी. टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४ ते १९९० या काळात वेताळ, मँड्रेक व फ्लॅश गॉर्डन हे नायक मराठीतही आणले, १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर त्यांच्यात आला. हे सारे आपापल्या मुलखाचे धनी. त्यांतल्या तिघा परदेशी नायकांना एकाच मोहिमेवर धाडले ते १९८६ च्या ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या अमेरिकी कार्टून मालिकेने. मँड्रेकचा सोबती लोथारही त्यात होता. अवकाशातून आलेला शत्रू मिंग आणि कथेचा काळ कल्पिलेला २०१५ सालचा.

आता योगायोग पाहा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरोखरच एका वैश्विक उत्पाताची वार्ता पृथ्वीवर पोहोचली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली होती. त्यात सूर्याच्या तिप्पट वस्तुमान क्षणार्धात ऊर्जेत रूपांतरित झाले आणि अवकाशालाच हेलकावे देणाऱ्या गुरुत्वीय लहरी निघाल्या. अमेरिकेतील दोन ‘लायगो’ वेधशाळांच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत त्यांनी घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. गोंगाटातून असे क्षीण संकेत वेचण्याच्या गणिती पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांच्या १९९१ च्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

चित्रकथेतला कालप्रवास तेवढा इथे नाही. भूतकाळात शिरून झालेले पुसून टाकण्याचा मार्ग विज्ञानाला ठाऊक नाही. भविष्याकडची वाट मात्र सापेक्षतावादाला मान्य आहे. वेगात किंवा प्रबळ गुरुत्वाकर्षणात घड्याळ मंदावते. कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेलेला ककुद्मी परतला तेव्हा पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली होती, ही पुराणकथा म्हणूनच भौतिकशास्त्र शिकविणाऱ्यांना उपयोगी पडते. मागचे बदलता येत नसले तरी ऐकता येते; २०१५ मध्ये ऐकू आला तो १३० कोटी वर्षांपूर्वीचा आवाज होता.

संघाची गरज मात्र चित्रकथेने अचूक हेरली. लहर कोणत्या यंत्रापाशी किती आधी पोहोचली यावरून तिची दिशा ठरते. दोनच यंत्रे असली की आकाशात लांबच लांब पट्टा उरतो. १४ ऑगस्ट २०१७ च्या संकेताच्या वेळी इटलीतील ‘व्हर्गो’ जोडीला होती, तेव्हा १,१६० चौरस अंशांचा शोधपट्टा ६० वर आला. तीनच दिवसांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली आणि नेमकी दिशा कळल्यामुळे सुमारे ७० वेधशाळांना दुर्बिणी तिकडे वळविता आल्या. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा पुरावा त्यातून हाती आला.

या फौजेतला भारतीय शिलेदार कळमनुरी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे उभा राहायचा आहे. अशा यंत्राला जमिनीची किंचितशी थरथरही चालत नाही, म्हणून भूकंप, समुद्र आणि वर्दळ यांपासून दूरचा हा भाग निवडला गेला. ‘लायगो-इंडिया’ला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी मिळाली. अमेरिका आणि इटलीपासून दूरवरचे हे ठाणे कार्यरत झाले की आकाशाच्या ज्या भागांतून आलेल्या लहरींची दिशा आज नीट सांगता येत नाही, तीही सांगता येईल.